गाठोड्याचा भार कुणावर?

ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला महापुरानं वेढलं, तेव्हा पुण्या-मुंबईत चौकाचौकात मदतीची टेबलं लागली. गणेश मंडळांचे फलक, सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे निरोप, शाळांमधल्या सूचना, सगळीकडे एकच हाक होती: घरात जे असेल ते आणून द्या. लोकांनी मनापासून दिलं. बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, चादरी आणि जुने कपडे यांनी टेम्पो भरले आणि निघाले. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलेलं होतं. पुणे-बेंगळुरू रस्ता शिरोलीजवळ कित्येक दिवस बंद राहिला.

हे कपडे ज्या जिल्ह्याकडे चालले होते, त्याच जिल्ह्यात इचलकरंजी आहे. तिथल्या यंत्रमागांचं सुती कापड देशभर जातं. कोल्हापूर शहराला लागून गांधीनगर आहे, तयार कपड्यांची मोठी घाऊक पेठ. शेजारच्या सोलापुरात चादरी आणि टॉवेल विणले जातात. त्या भागात कापडाचा दुष्काळ नव्हता. पाणी ओसरल्यावर माणसांना हवे होते घरातला गुडघाभर चिखल काढायला लावलेल्या मजुरांचे पैसे, उरलेल्या जनावरांसाठी वैरण, मुलांची वह्या-पुस्तकं, भिजून वाया गेलेल्या किराणा मालाच्या जागी नवा माल भरण्याचं भांडवल. यातली एकही गोष्ट जुन्या कपड्यांच्या गोणीतून निघत नाही.

संकट असो वा एरवीचे दिवस, सामाजिक संस्थेला वापरलेली वस्तू द्यावी की पैसे, या प्रश्नावर गेल्या तीस-चाळीस वर्षांत जगभर भरपूर अभ्यास झाला आहे. भूकंपानंतरच्या औषधांपासून जुन्या चष्म्यांपर्यंत अनेक गोष्टींचे हिशेब कुणीतरी बसून मांडले आहेत. ते वाचल्यावर माझं मत ठाम झालं, ते आधीच सांगतो. काही मोजके अपवाद सोडले तर वस्तूपेक्षा पैसे द्यावेत, आणि घरातली जुनी वस्तू द्यायचीच असेल तर ती आपणच विकून तिचे पैसे द्यावेत. देणारा वस्तूची किंमत तिच्या खरेदीवरून मनाशी धरतो. घेणाऱ्याला मात्र ती आणण्याचा, निवडण्याचा, ठेवण्याचा, योग्य माणसापर्यंत पोचवण्याचा आणि उरलेली फेकण्याचा खर्च करावा लागतो. तो वजा केला की पुष्कळदा शून्याखालचा आकडा हाती येतो.

आधी संकटांच्या नोंदी पाहू. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत, विशेषतः नागपट्टिनमच्या किनाऱ्यावर, तेच घडलं. मासेमारीवर जगणाऱ्या, स्वतःचं घर आणि होडी गमावलेल्या लोकांपुढे परक्या माणसांनी टाकून दिलेले कपडे ओतले गेले. अनेकांनी ते नाकारले. यात कृतघ्नपणा शोधू नये. कालपर्यंत स्वतःच्या कमाईचं नेसणाऱ्या बाईला आज दुसरीची विटलेली साडी नेस म्हणणं हा तिच्या दुःखावरचा आणखी एक घाव असतो.

१९९८ मध्ये मिच वादळानं होंडुरास उद्ध्वस्त झाला. अमेरिकी सरकारच्या मदत यंत्रणेत काम करणाऱ्या हुआनिटा रिलिंग यांनी पुढे सांगितलं, की मदत घेऊन येणारं एक विमान तिथे उतरू शकलं नाही, कारण धावपट्टीवर कपड्यांचे खोके आणि गठ्ठे पडलेले होते. त्यांनी पाण्याचाही एक हिशेब मांडला होता. एक लाख लिटर बाटलीबंद पाणी सुमारे ४० हजार माणसांना एक दिवस पुरतं. ते अमेरिकेतून पश्चिम आफ्रिकेत पाठवायला सुमारे तीन लाख डॉलर लागतात. तेवढंच पाणी तिथेच फिरत्या शुद्धीकरण यंत्रांवर तयार करायला लागतात सुमारे तीनशे डॉलर. हजार पटींचा फरक फक्त वाहतुकीत जातो.

औषधांच्या बाबतीत हे प्रकरण जिवावर बेतू शकतं, म्हणून त्याचा अभ्यासही सर्वांत काटेकोर झाला आहे. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात मोठा भूकंप झाला. जगानं किमान पाच हजार टन औषधं आणि वैद्यकीय साहित्य पाठवलं. काय आलं आहे याचा नीट अंदाज यायला ५० माणसांना सहा महिने लागले. त्यातलं जेमतेम ३० टक्के लगेच वापरता येण्यासारखं होतं. ११ टक्के निरुपयोगी, ८ टक्के मुदत उलटून गेलेलं होतं, आणि शेवटी सुमारे २० टक्के नष्ट करावं लागलं. ते ५० जण त्या सहा महिन्यांत जखमींसाठी दुसरं काय काय करू शकले असते, याचा विचार मनातून जात नाही. चार वर्षांनी बोस्नियाचं युद्ध सुरू झालं. १९९२ ते १९९६ या काळात तिथे आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून जास्त अयोग्य होती असा अंदाज निघाला. सुमारे १७ हजार टन निरुपयोगी औषधं गोदामांत साचली आणि ती सुरक्षितपणे नष्ट करायला तीन कोटी ४० लाख डॉलर लागतील असा हिशेब मांडला गेला. युद्धात होरपळलेल्या देशावर मदतीचाच हा बोजा पडला होता. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्ये औषधदानाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यामागे हे अनुभव होते. घेणाऱ्याची गरज असेल तेच पाठवा, आणि पोचताना औषधाची किमान वर्षभराची मुदत शिल्लक असू द्या, हा त्यांचा गाभा.

आता एक गोणी जवळून पाहू.

सुतळी सोडून गोणी टेबलावर ओतली की आधी वास येतो, बंद कपाटाचा आणि ओलीचा. पावसाळ्यात एखादा कपडा दमट राहून आत गेला असेल तर काही दिवसांत सगळ्या गोणीला बुरशी धरते. टेबलाशी उभ्या असलेल्या बाया एकेक कपडा उलगडून उजेडात धरतात. बटणं आहेत का, चेन चालते का, काख उसवली आहे का, डाग कसला आहे. मग पुरुषांचा ढीग, बायकांचा, मुलांचा आणि बाद मालाचा. शहरातून आलेल्या गोणीत जीन्स असतात, ऑफिसचे शर्ट असतात, लग्नात एकदाच घातलेला जरीचा घागरा असतो, उंच टाचेची एकच चप्पल असते. साडी असते पण तिच्यावरचा ब्लाउज नसतो, ब्लाउज असतो तो कुणाच्या तरी मापाचा असतो. शेतमजुरी करणाऱ्या साठीच्या बाईला सुती नऊवारी लागते, नाहीतर सहावारी आणि तिच्याखाली परकर. परकर गोणीत क्वचितच सापडतो. आतले कपडे कुणी देत नाही आणि देऊही नयेत, पण पुरातून अंगावरच्या साडीनिशी बाहेर पडलेल्या बाईची पहिली गरज तीच असते, शिवाय सॅनिटरी पॅड. या दोन्ही वस्तू बाजारात नव्या मिळतात, स्वस्त मिळतात, आणि त्या विकत घ्यायला पैसे लागतात.

या टेबलामागे टेम्पोचं भाडं आहे, हमाली आहे, पाणी न गळणाऱ्या गोदामाचं भाडं आहे. मापानुसार, गावानुसार पुन्हा गठ्ठे बांधणं आहे. बाद ढिगाची विल्हेवाट हा आणखी वेगळा खर्च, कारण पुरात आधीच कचऱ्यानं बेजार झालेली नगरपालिका तो उचलायला तयार नसते. टेबलाशी उभी माणसं स्वयंसेवक असली तरी त्यांचा वेळ फुकट नसतो. पुराच्या पहिल्या आठवड्यात त्याच बाया घराघरांत जाऊन कोणाच्या घरात गरोदर बाई आहे, कोणाची रक्तदाबाची गोळी संपली आहे, कोणाला निवारा केंद्रातून दवाखान्यात हलवायला हवं, याची यादी करू शकल्या असत्या.

चष्म्यांचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं, कारण जुना चष्मा देण्यात काही वावगं असेल असं कुणाला वाटतच नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दान आलेल्या २७५ चष्म्यांचा नमुना तपासला गेला. वापरण्यायोग्य निघाले फक्त ७ टक्के. प्रत्येक काचेचा नंबर मोजणं, साफ करणं, साठवणं आणि जुळणारा माणूस शोधणं यांचा खर्च धरला, तर एक जुना चष्मा गरजूच्या डोळ्यांवर चढवायला नव्या तयार चष्म्याच्या दुपटीहून जास्त पैसे लागत होते. त्या चष्म्यावर होणारा हा खर्च पैशांतच मिळाला असता, तर डोळ्यांची तपासणी आणि एक नवा चष्मा दोन्हींची सोय झाली असती.

मग जुन्या वस्तू जातात कुठे? आपल्याकडे त्यांची बाजारपेठ पिढ्यान् पिढ्या आहे आणि ती कुणाच्या दयेवर चालत नाही. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण आठवा. चार जुन्या साड्या, दोन पँटी आणि बदल्यात स्टीलचं पातेलं, त्यावरून दारात चाललेली अर्ध्या तासाची घासाघीस. कपड्याची उरलेली किंमत तिला नेमकी माहीत असते. ते कपडे निवडून, दुरुस्त करून, धुऊन पुन्हा विकायचं काम ती आणि तिच्या समाजातली माणसं करतात आणि त्यावर त्यांची चूल पेटते. लोकरीचे आणि चिंध्या झालेले कपडे हरियाणातल्या पानिपतला जातात. तिथे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचाही धागा काढून घोंगड्या विणल्या जातात, आणि मदत संस्था आपत्तीत वाटण्यासाठी त्याच स्वस्त घोंगड्या विकत घेत आल्या आहेत. जुन्या कपड्यातून थंडीत कुडकुडणाऱ्या माणसासाठी नवी घोंगडी व्हायची असेल, तर ती या वाटेनं होते. त्या वाटेवर प्रत्येक टप्प्यावर कुणाला तरी मजुरी मिळते.

समुद्रापलीकडे चित्र वेगळं आणि जास्त गुंतागुंतीचं आहे. युरोप-अमेरिकेत लोकांनी दान पेटीत टाकलेल्या कपड्यांपैकी बराच माल गठ्ठ्यानं विकला जातो आणि आफ्रिकेत पोचतो. घानाची राजधानी अक्रामधला कांतामांतो बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहे. अर्थशास्त्रज्ञ गार्थ फ्रेझर यांनी २००८ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार १९८१ ते २००० या काळात आफ्रिकेतल्या तयार कपड्यांच्या उत्पादनात जी घट झाली, तिच्यातला सुमारे ४० टक्के वाटा जुन्या कपड्यांच्या आयातीचा होता. स्वस्त चिनी माल आणि सरकारी धोरणं हीसुद्धा कारणं आहेत आणि ते गठ्ठे विकून हजारो विक्रेत्यांची घरं चालतात, हेही तितकंच खरं. पण रवांडानं या आयातीवर जबर कर लावला आणि त्यापायी २०१८ मध्ये अमेरिकेनं त्या देशाच्या कपड्यांची करसवलत थांबवली, तेव्हा एका छोट्या देशाला स्वतःचे शिंपी जगवण्यासाठी कशाशी झुंजावं लागतं ते दिसलं.

वस्तू की पैसे, या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात पन्नास वर्षांपूर्वीच, फार मोठी किंमत मोजून, शोधलं गेलं होतं. त्याची आठवण या चर्चेत फारशी निघत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. १९७२ च्या दुष्काळाबद्दल बोलताना जुनी माणसं दोन खाण्याच्या गोष्टी सांगतात: रेशनवर मिळालेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळालेली सुकडी. मिलोची भाकरी चिरायची, चव लागायची नाही, पण पोटात काहीतरी जायचं. या वस्तुरूप मदतीनं अनेकांना आधार दिला, तिचं मोल कमी नाही. मात्र राज्याला भूकबळींच्या लाटेतून वाचवलं ते प्रामुख्यानं रोख मजुरीनं. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणं अशी कामं गावोगाव निघाली. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी नंतर या दुष्काळाचा बारकाईनं अभ्यास केला. त्यांनी दाखवलं, की राज्यात धान्य फारच कमी पिकलं होतं, सरकारी पुरवठा अपुरा होता, परराज्यातून खासगी व्यापाऱ्यानं धान्य आणण्यावर निर्बंध होते. तरीही धान्य आलं. कारण लोकांच्या हातात आठवड्याची मजुरी होती आणि जिथे मजुरी होती तिथे व्यापारी निर्बंध चुकवूनसुद्धा पोती घेऊन पोचत होता.

मजुरीचा पैसा बाजाराला वाट दाखवतो. कोणत्या गावात किती ज्वारी हवी, हे मंत्रालयातून ठरवायला कित्येक आठवडे लागले असते. पगाराच्या दिवशी दुकानासमोरच्या रांगेनं ते एका संध्याकाळी ठरवलं. घरातल्या बाईनं त्या मजुरीतून ज्वारी घ्यायची, की तेल, की आजाऱ्यासाठी औषध, हे तिचं तिनं ठरवलं. याच अनुभवातून रोजगार हमीची कल्पना पक्की झाली, वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्रानं तिचा कायदा केला.

अलीकडचे प्रयोग याच दिशेनं बोट दाखवतात. मध्य प्रदेशात ‘सेवा’ या संघटनेनं युनिसेफच्या मदतीनं २०११ पासून काही गावांत प्रत्येक प्रौढाला महिना २०० रुपये आणि प्रत्येक मुलामागे १०० रुपये विनाअट दिले. नंतर ही रक्कम ३०० आणि १५० झाली. लोकांनी बियाणं-खत घेतलं, शेळ्या-कोंबड्या वाढवल्या, मुलांचं खाणं सुधारलं, मुलींची शाळेतली हजेरी वाढली. दारूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही. ही दारूची शंका आपल्याकडे फार लवकर घेतली जाते. जागतिक बँकेतल्या डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोवा यांनी वेगवेगळ्या खंडांतले अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हाही रोख मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. गरिबाच्या हातात पैसा टिकत नाही, हा समज गरिबांना न भेटता तयार झालेला आहे.

केनियात साडेसहाशेहून अधिक गावांत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात असं दिसलं, की गरीब कुटुंबांना दिलेला एक डॉलर गावाच्या अर्थव्यवस्थेत फिरून सुमारे अडीच डॉलरची उलाढाल घडवतो. ज्यांना पैसे मिळाले नव्हते, त्या दुकानदार-सुतारांचीही मिळकत वाढली. इक्वाडोर, नायजर, युगांडा आणि येमेन या चार देशांत धान्य आणि रोख यांची तुलना केली, तेव्हा सगळ्यांना रोखच दिली असती तर तेवढ्याच खर्चात १८ टक्के अधिक माणसांना मदत झाली असती असं निघालं.

ही थेट हातात दिलेल्या पैशांची गोष्ट झाली. संस्थेला दिलेला पैसा वेगळं काम करतो, आणि मला सर्वांत मोलाचं तेच वाटतं, कारण संस्थेला पैशातून माणसं मिळतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांचे मृत्यू रोखण्यासाठी जे केलं, ते १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालं. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन आरोग्यदूत केलं. बाळ जन्मलं की त्या घरी जात, वजन करत, ऊब देण्याची पद्धत शिकवत, श्वास गुदमरला तर काय करायचं ते करत, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शन देत. ३९ गावांत हे काम चाललं, ४७ गावं तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. खर्च किती? बाळामागे ५ डॉलर ३० सेंट. आणि सेवा मिळालेल्या दर १८ बाळांमागे एक बाळ वाचलं. म्हणजे एक जीव शंभर डॉलरच्या आतबाहेर. पुढे देशाच्या ‘आशा’ कार्यक्रमात ही घरपोच नवजात सेवा आली.

त्या ५ डॉलर ३० सेंटमध्ये काय काय होतं ते पाहा. आरोग्यदूताचं मानधन, तिच्या प्रशिक्षणाचे दिवस, तिच्या कामावर देखरेख करणारा माणूस, त्याचा प्रवास, औषधं, नोंदवह्या. यातल्या बऱ्याच गोष्टी आपण देणगी देताना नाकं मुरडून ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतो. आमचे पैसे पगारात जाऊ नयेत, थेट गरजूला मिळावेत, असं लोक आग्रहानं सांगतात. पण रात्री दोन वाजता बाळंतिणीच्या घरी गेलेली बाई हीच तर ती सेवा आहे. तिला मानधन मिळालं नाही तर सेवा कुठून होईल? जुने कपडे किंवा जुना संगणक या साखळीत कुठेच बसत नाही. वस्तू देणारा संस्थेला सांगत असतो की मला सोयीचं आहे तेवढं काम तुम्ही करा. पैसे देणारा तिला तिचं खरं काम करू देतो.

तरी लोक वस्तूच का देतात? याचं उत्तर तुच्छतेनं देऊ नये. वस्तू दिली की ती कुणाच्या तरी अंगावर दिसते, असं मनाला वाटतं. दिवाळीच्या आधी माळा आवरताना बाळाचे चांगले कपडे टाकवत नाहीत, कुणाला तरी उपयोगी पडोत ही इच्छा खरी असते. अनेक घरांत महिनाअखेर पैसा नसतो, पण कपाटात चादर असते. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे अविश्वास. पैसे खाल्ले जातात, असं ऐकलेलं असतं, काही वेळा पाहिलेलंही असतं.

अविश्वासाला वस्तू हे उत्तर नाही, एवढंच माझं म्हणणं. गोदामातून किती चादरी गेल्या याचा माग काढणं जवळजवळ अशक्य असतं. बँकेतून गेलेल्या पैशाचा माग राहतो. महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार हिशेब ठेवावे लागतात, लेखापरीक्षण करून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात सादर करावे लागतात. देणगीदारानं वार्षिक अहवाल मागावा, ताळेबंद वाचावा, शक्य असेल तर काम चाललं आहे तिथे जाऊन पाहावं. चांगली संस्था या प्रश्नांनी दुखावत नाही. आयकराच्या ‘८०जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सवलतीतही वस्तूंना जागा नाही. ती फक्त पैशाच्या देणगीला मिळते, दोन हजारांवरची देणगी रोखीनं दिली तर तीही मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही.

वस्तूंचा सर्वांत भक्कम बचाव ‘गूंज’ या संस्थेनं आपल्या कामातून केला आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ती सुरू केली, २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरातलं जुनं कापड त्यांनी दान म्हणून वाटलं नाही. गावानं आपली गरज ठरवायची, विहीर उपसायची, रस्ता किंवा पूल बांधायचा, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांचा संच घ्यायचा, अशी पद्धत घातली. उरलेल्या सुती कापडातून सॅनिटरी पॅड तयार केले. देणाऱ्याच्या सोयीपेक्षा घेणाऱ्याचा सन्मान वर ठेवला. पण हे काम नीट पाहिलं तर दिसतं, की कापडाला असं मोल यायला मोठी निवडणारी-शिवणारी यंत्रणा उभी करावी लागते, वर्षभर चालवावी लागते, आणि ती चालवायला पैसे लागतात. अशा संस्थेला कापडाबरोबर ते पोचवण्याचा खर्चही पाठवणारा देणगीदार तिचं ओझं खऱ्या अर्थानं हलकं करतो.

दुसरा अपवाद जवळिकीचा. पूर आलेल्या गावाशेजारच्या वस्त्यांनी रातोरात थापलेल्या भाकऱ्या आणि झुणका पहिल्या दोन दिवसांत लाखमोलाचा असतो, कारण दुकानं बंद असतात आणि अंतर चार मैलांचं असतं. बाजारच तुटलेला असेल, रस्ता, वीज, बँक काहीच चालू नसेल, तेव्हा वस्तू लागतातच. त्या पाठवण्याचं काम मात्र तिथे पाय रोवून असलेल्यांनी, यादी करून, नवा माल घेऊन करावं. रक्त तर विकत घेऊन देता येत नाही. आणि संस्थेनं स्वतःहून नेमकी वस्तू मागितली असेल, आमच्या वसतिगृहाला सातवीची पुस्तकं हवीत, रुग्ण साहित्य केंद्राला चाकाची खुर्ची हवी, तर ती चांगल्या स्थितीत द्यावी. मागणी तिकडून आलेली असावी, हीच अट.

परदेशातल्या मराठी माणसांसाठी एक कायद्याची गोष्ट. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासीनं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. अमेरिकी किंवा ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याचा, ओसीआय कार्ड असलं तरी, धरला जातो. त्यामुळे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच तो देता येतो, तोही तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यात. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या पैशातला २० टक्क्यांहून जास्त भाग प्रशासनावर खर्च करता येत नाही. सुट्टीत येताना बॅगा भरून जुने कपडे आणि खेळणी आणणाऱ्यांनी त्या जादा बॅगेचं विमानभाडं जरी एखाद्या शाळेला दिलं, तरी तिथे कितीतरी नवी पुस्तकं येतील.

वेळेचा मुद्दाही आहे. संकटाच्या पहिल्या आठवड्यात पैसा आणि वस्तू दोन्ही धो धो येतात. तीन महिन्यांनी, घरं बांधायची असतात, मुलं शाळा सोडण्याच्या बेतात असतात, बायकांना पुन्हा शेळ्या घ्यायच्या असतात, तेव्हा देणगीचा ओघ आटलेला असतो. एकदम पाच हजार देण्यापेक्षा महिन्याला पाचशे देणारा देणगीदार संस्थेच्या दृष्टीनं जास्त मोलाचा, कारण त्या भरवशावर ती एखाद्या कार्यकर्तीला वर्षभरासाठी नेमू शकते. माळ्यावरची रद्दी, बोहारणीला न दिलेल्या साड्या, पडून असलेली सायकल, जुना मोबाइल हे विकून अशी पहिली काही महिन्यांची रक्कम बहुतेक मध्यमवर्गीय घरांत सहज उभी राहते.

आणि देताना एवढं पाहावं. अनेक देणगीदार पैसे विशिष्ट कामाला बांधून देतात, अमुक खोलीला, तमुक यंत्राला, किंवा कायम निधीत टाका, फक्त व्याज वापरा, असं पत्रात लिहून देतात. तसं लिहून दिलं की संस्थेला ते पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत, मग पुढच्या महिन्याचा पगार थकला तरी. संस्थेवर विश्वास बसला असेल तर ‘सर्वसाधारण देणगी’ एवढंच लिहावं. गाडीचं डिझेल, हिशेबनिसाचा पगार, गळणारं छप्पर, आरोग्यदूताचं मानधन, यातलं आज काय आधी हवं आहे, हे तिथे काम करणाऱ्यांना ठरवता येतं.